झोपाळ्याचा हूक

टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, तुम्हीही दम घ्या. आता काम गळ्याचं नाही, कानांचं आहे.

मंडळी, सांगा बघू — माणूस सगळ्यात जास्त कशाला भितो? मागून कोण म्हणालं, मरणाला? छान! आजोबा, वय काय तुमचं? अठ्ठ्याहत्तर! आणि मघाशी हायवे ओलांडलात तो पुलाखालून, की दुभाजकावर पाय टाकून? हसू नका त्यांना! त्यांच्यामागून तुम्हीच येत होता, मी ओट्यावरून बघत होतो. म्हणजे मरणाला नाही भीत. मग वाघाला? वाघ भेटतो कुठं! बायकोला? — बघा, पुरुषांची बाजू एकदम भक्तीत बुडाली!

उत्तर राहू द्या. आधी गोष्ट ऐका.

कोल्हापुरात दिनानाथ पाटगावकर नावाचे गृहस्थ. भूमापन खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. अख्खा जन्म सरळ रेघ मारण्यात गेला, त्यामुळे आपण वाकडे जाऊच शकत नाही अशी त्यांची समजूत! पत्नी कुमुदताई. लग्नाला अडतीस वर्षं झालेली. अडतीस वर्षांत या गृहस्थांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे दोन शब्द कुणी ऐकलेले नव्हते. भाजीत मीठ जास्त झालं तर चूक मिठाची, रस्ता चुकला तर चूक रस्त्याची!

आणि पोर्चमध्ये एक गाडी. विलायती, जुनी, लाल. दोन माणसांची, बुटकी, डोक्यावर छप्पर नाही. शर्यतीची गाडी हो! आत बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसल्यासारखं बसायचं आणि मग पाय कुठं गेले ते शोधायचं. तिच्या इंजिनाच्या पोटात खडखड सुरू झाली. दिनानाथांनी ठरवलं — इंजिन घरीच उतरवायचं. स्वतः!

शेजारी दस्तगीर मिस्त्री राहायचे. चाळीस वर्षं ट्रकची इंजिनं उतरवलेला माणूस. ते आले, बघितलं, म्हणाले, "सायेब, चार पोती गव्हाचं वजन हाय ह्ये. दसऱ्याला मी येतो, दोघं मिळून काढू की."

"मिस्त्री, तुम्ही याल तेव्हा इंजिन खाली असेल!"

मिस्त्रींनी मान हलवली. घरी गेले आणि एक शॅकल घेऊन आले. शॅकल म्हणजे काय? जाड पोलादी कडी, नालासारखी वाकवलेली, तोंडाला आडवा बोल्ट. "इंजिनाला साखळी गुंडाळायची, वरती चेनपुलीचा हूक, आन् मधी ही. दुसरं कायबी लावू नका. लोखंडाला बोलता येत न्हाई सायेब, ते वाकून सांगतं. वाकलेलं दिसलं की समजायचं, त्याचं सांगून झालं."

चार दिवसांत दिनानाथांनी सगळे नट-बोल्ट सोडवले. पोर्चमधला झोपाळा उतरवून तुळईला चेनपुली, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायची कप्पी, टांगली. फक्त ओढायचं राहिलं. आणि उजाडली खंडेनवमी! घरातली हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पूजा मांडली कुणी? दिनानाथांनीच! पाने, पक्कड, हातोडा — आणि मधोमध मिस्त्रींची शॅकल. वर झेंडूचं फूल. मग घरभर घोषणा — "उद्यापर्यंत कुणीही हात लावायचा नाही!" घरात माणसं दोन. म्हणजे हुकूम कुणासाठी ते आलंच.

आणि अकरा वाजता साहेबांना आठवलं — उद्या दसरा! मिस्त्री येणार!

पाटावरून शॅकल उचलायची, कुमुदताईंना म्हणायचं, 'अगं, चुकून मांडली.' किती सोपं! पण नाही. तोंडातून निघेना. त्यांची नजर गेली कोपऱ्यात. तिथं झोपाळ्याचा हूक. एस आकाराचा. दिनानाथांनी हिशेब केला — या झोपाळ्यावर चौघं बसायचे, कधी काही झालं नाही. इंजिन तरी काय, चार माणसांएवढंच!

मंडळी, सांगा, हिशेबात काय राहिलं? बरोबर, काकू! झोपाळ्याला हूक होते चार. इंजिनाला लावला एक!

कुमुदताई दारात आल्या. "अहो, आज हत्यारांना सुट्टी ना?"

"हत्यारांना. मला नाही."

"आणि मिस्त्रींची कडी पाटावर दिसतेय. मग इथं काय लावलंत?"

"त्यांनी दोन दिल्या होत्या."

केवढं छोटं खोटं! तांदळाच्या दाण्याएवढं. आणि त्या दाण्यावर टांगली चार पोती!

साखळी ओढली. कर्र... कर्र... इंजिन हललं. गाडीच्या पोटातून काळं, तेलकट धूड वर येऊ लागलं. दिनानाथांची छाती फुगली. गाडी मागं ढकलली. इंजिन अधांतरी — छातीएवढ्या उंचीवर, हळूहळू गिरकी घेतंय. आणि टप्... टप्... तेल गळायला लागलं.

"अहो, सकाळी धुतलेली फरशी!" कुमुदताई आतून जुनी परात घेऊन आल्या, पदर खोचला आणि इंजिनाखाली वाकल्या.

तेवढ्यात — टिक्.

बारीक आवाज. घड्याळाएवढा. दिनानाथांनी वर बघितलं. हुकाचं तोंड मघाशी बोटभर होतं. आता दोन बोटं झालंय. लोखंड वाकतंय. लोखंड सांगतंय! आणि खाली कुमुदताईंचा अंबाडा, त्यात सकाळच्या पूजेतलं झेंडूचं फूल.

हातात साखळी, पण ओढायची कुठं? वर ओढली तर धक्का बसणार, खाली सोडावी तर खाली कुमुदताई.

"कुमुद, सरक."

"का? थांबा, तेल बरोबर परातीत पडू दे."

"सरक म्हणतो ना!"

"ओरडायला काय झालं? तुमचंच तेल पुसतेय."

टिक्.

अडीच बोटं! आणि मंडळी, माणसाचं मन बघा. त्या क्षणीसुद्धा दिनानाथांच्या डोक्यात काय आलं? — मिस्त्रींनी कडीच खराब दिली म्हणून सांगू! बायकोच्या मानेवर मरण लोंबतंय आणि हा माणूस सबब शोधतोय! का? कारण खरं सांगायचं तर ते दोन शब्द लागणार होते. मरणाहून जड शब्द. चार पोत्यांहून जड!

कुमुदताईंनी परात आणखी आत सरकवली. आता मान बरोबर खाली.

"कुमुद!" आवाज त्यांचा नव्हताच, फाटलेल्या कापडाचा होता. "कुमुद, माझं चुकलं!"

कुमुदताई थांबल्या. परात सोडली. ताठ उभ्या राहिल्या आणि चार पावलं थेट नवऱ्याकडे चालत आल्या. त्यांच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

धडाम्!

फरशी फुटली. खिडक्या थरथरल्या. पूजेचा पाट हलला. धूळ बसल्यावर बघतात तर परातीचा पापड झालेला! कुमुदताईंचं बोट जिथं परातीच्या काठावर होतं, तिथं लोखंडाचा कोपरा रुतलेला. दिनानाथ त्या फुटक्या फरशीवरच बसले. कुमुदताईही शेजारी बसल्या. म्हणाल्या, "कडी एकच होती ना?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. रडू आवरेना.

दसऱ्याला मिस्त्री आपट्याची पानं घेऊन आले. दारातच थांबले. "सायेब, शब्दाला जागलात की! इंजिन खालीच हाय!"

दिनानाथ म्हणाले, "मिस्त्री, माझं चुकलं." दुसरी वेळ. जरा सोपं गेलं.

अजून त्या घरात खंडेनवमीला पाटावर मधोमध ती चपटी परात असते. तिलाच पहिलं कुंकू.

तर मंडळी, तुमच्या घरी काय टांगलंय मला माहीत नाही. कुणाचं तांदळाएवढं, कुणाचं पोत्याएवढं. वर बघू नका, वर पंखा आहे! खाली बघा — आपल्या त्या हुकाखाली कोण वाकलंय? आपलंच कुणीतरी. आपलीच फरशी पुसतंय.

चला, माझ्यामागून म्हणा. सगळ्यांनी. 'माझं चुकलं.'

...

बघा! मघाशी देवाचं नाव घ्या म्हणालो तर मांडव उडायची पाळी आली. आता पंख्याची करकर ऐकू येतेय.

पुन्हा एकदा म्हणू या. जरा मोठ्यानं — खाली माणूस आहे!