घाटाचं इंजिन लागेपर्यंत

“आवो, बोला की लेकराशी.” कर्जतच्या फलाटावर फार वर्षांपूर्वी ऐकलेला एका आईचा तो आवाज अजून कानात घुमतो. आमची मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी घाटाचं जादा इंजिन लागायची वाट बघत उभी होती. माझ्या शेजारच्या खिडकीतला तरुण विलायतेच्या संघाशी क्रिकेट खेळायला चालला होता. बाहेर त्याचे आईबाप उभे.

“आये, आबा अजून रागातच हायेत?”

“शेत सोडून मुंबईला फळी फिरवाया गेलास ना रं.”

“पयलं धोपाटणं तूच दिलंस.”

“धुणं बडवाया दिलं व्हतं. तू नदीवर कवठं टोलवत बसलास. गोरे लई जोरानं चेंडू टाकतात म्हणं. भ्या वाटतं का?”

“चेंडूचं नाय. आबा बोलत नायत, त्याचं वाटतं.”

“आवो, इंजिन लागलं. आता तरी बोला.”

शिट्टी झाली. म्हातारा खिडकीशी आला.

“डावा पाय पुढं टाकाया उशीर करतोस. नांगरामागं टाकायचास तसा बिनघोर टाक.”

“आबा, तुमाला कसं ठावं?”

“दरसाली तांदूळ इकाया मुंबईला मीच का जातो रं? रिकाम्या गोणी मैदानाच्या कडेला टाकतो, अन् तुलाच बघत बसतो.”