न चमकणाऱ्या काचेचं भांडण

"हॅलो?… हॅलो!… कोण?… ढब्बू? तू? अरे, तुझी फोन करायची हिंमत झालीच कशी?"

ही काचवाली. मोबाइलच्या, टीव्हीच्या, तिकीट देणाऱ्या यंत्रांच्या पडद्यांवरच्या काचा बनवणारी. ती चिडली की कारखान्यातल्या बरण्यांची झाकणं आपोआप घट्ट बसतात असं शेजारचा घड्याळजी सांगतो, आणि घड्याळजी खोटं बोलत नाही, फक्त खऱ्याच्या जरा पुढे धावतो. ढब्बू हा तिचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. आज सकाळपासून त्याचं नाव ज्या विशेषणांसकट घेतलं गेलं, ती इथे उतरवली तर कागद करपेल.

"काय झालं? मला विचारतोस काय झालं?… व्हिडिओ आलाय, व्हिडिओ!… कुणाकडून म्हणजे? हत्तीच्या वकिलांकडून!"

हत्ती म्हणजे ती बलाढ्य कंपनी, जिच्या मोबाइलवर काचवालीची काच बसलेली होती, काचवालीला न विचारता. काच साधीसुधी नव्हती. भर उन्हात धरा, तिच्यावर दिवा मारा, ती चमकायची नाही आणि आतलं चित्र धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ दिसायचं. त्या काचेचं पेटंट काचवालीच्या नावावर होतं. म्हणून तिनं हत्तीला कोर्टात खेचलं होतं. उद्या निकालाआधीची शेवटची सुनावणी. हत्तीचे मोबाइल पुराव्यासाठी पोट फाडून टेबलावर मांडले होते, आणि त्यांच्यामध्ये जागा करून काचवालीच्या वकीलबाई शांतपणे संत्रं सोलत बसल्या होत्या.

"हो, मांजराचाच व्हिडिओ! तुझ्या दवाखान्याची बाहेरची खोली. खिडकीत माझ्या काचेचा टीव्हीचा पडदा. पडद्यावर पोहणारे मासे. आणि त्या माशांवर पंजे मारणारा एक बोका!… काय?… मांजरी होती? बरं, मांजरी. चुकलं माझं. उद्या न्यायाधीशांची माफी मागते हं, मांजरीला बोका म्हटलं म्हणून!"

"गोड?… अरे, गोड आहे म्हणूनच तर बघितला ना जगानं! ज्यानं काढला त्या पेशंटच्या दाताला कीड लागो… लागलेलीच होती? मग बरं झालं!"

"ऐक. मध्ये बोलू नकोस. तारीख बघितलीस का त्याची? मी पेटंटचा अर्ज केला त्याच्या आधीची आहे. आधीची!… मग काय म्हणजे? अर्जाच्या आधी वस्तू लोकांनी पाहिली, तर कायद्याच्या लेखी ती नवी नाही. नवी नाही, तर पेटंट नाही. पेटंट नाही, तर हत्ती मोकळा. आणि मी बसते त्याच्या दुकानाच्या काचा पुसत!… नको. तुझ्या दवाखान्यातली नोकरी तर मुळीच नको."

फोन कानाशी दाबत ती टेबलाभोवती फिरू लागली. तिसऱ्या फेरीला वकीलबाईंनी संत्रं उचलून मांडीवर घेतलं, कारण तिचा हात टेबलावर आपटणार हे त्यांना दिसत होतं. आपटला. फाडलेल्या मोबाइलमधले बारके स्क्रू पावसासारखे उडाले.

"मी तुला तो पडदा कशाला दिला होता? सांग. तुझ्या तोंडानं सांग… हं. तुझ्या त्या खुर्चीवरच्या दिव्याखाली बघायला. त्या आंधळं करणाऱ्या दिव्याखाली जी काच चमकत नाही ती कुठेच चमकणार नाही, म्हणून. दवाखाना बंद झाल्यावर लावायचा, बघायचा, आणि मग?… मग काय म्हटलं होतं मी?… तोंड भिंतीकडे करून ठेव! पडद्याचं रे, तुझं नाही! आणि कुणाला दाखवू नकोस. म्हटलं होतं की नव्हतं?… मोठ्यानं बोल."

"म्हटलं होतंस म्हणतोय. ऐकलंत वकीलबाई? कबूल करतोय वर!"

वकीलबाईंची फोड तोंडाशी थांबली. पण काचवालीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पेशंट घाबरतात म्हणून? अरे, पेशंट तुला घाबरतात! त्यांना मासे दाखवून काय होणार?… शांत बसायचे? सगळे?… एका आजोबांनी पाणी किती गार आहे ते बघायला बोट घातलं?… आणि?… आणि बोट रुमालाला पुसलं?"

इथे काचवालीच्या तोंडातून हसू निसटणार होतं. तिनं ते दातांखाली धरलं, चावलं आणि गिळून टाकलं. काच इतकी चांगली झाली होती हे तिला कोणी पहिल्यांदाच सांगत होतं, आणि सांगणारा कोण, तर हा.

"हसत नाहीये मी! खोकले!… अरे ढब्बू, इतकी वर्षं मी आम्लाच्या वाफा खाल्ल्या. चुलीसमोर बसावं तशी त्या भट्टीसमोर बसले. आणि तू ती काच मांजरीला खेळायला दिलीस. उद्या कोर्टाच्या आसपास जरी दिसलास ना, तर तंगडं मोडून… काय हो वकीलबाई? कशाला हलवताय मला? दिसत नाही का, मी भावाशी बोलतेय?… काय?… परत सांगा."

वकीलबाईंनी सांगितलं. काचवाली खुर्चीत बसली. ती खुर्ची कोणे काळी मोडलेली होती आणि तिच्यावर कोणी बसत नसे; त्या दिवशी खुर्चीलाही भान राहिलं नाही.

"ढब्बू… थांब. ठेवू नकोस. वकीलबाई म्हणतात, विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू कुणी मालकाला न विचारता उघडी केली, तर ती उघडी झाली असं कोर्ट धरत नाही. मालकानं त्यानंतर वेळेत अर्ज केलेला असला म्हणजे झालं… केला होता की मी. वेळेतच केला होता!… म्हणजे असं रे, की तू उद्या यायचं आणि शपथेवर सांगायचं, ताईनं बजावलं होतं, कुणाला दाखवू नकोस, तरी मी दाखवला… हो. एवढंच. खरं तेच… येशील?… सकाळचे पेशंट आहेत? अरे, पेशंटचे दात कुठे पळून जाताहेत!"

"काय म्हणालात वकीलबाई?… काय शब्द वापरलात?… नाही, परत म्हणा ना, मला ऐकायचंय… विश्वासघातकी? माझ्या भावाला? हे बघा बाई, तुम्ही वकील असाल तुमच्या घरी. त्याला गाढव म्हणायचं, घातकी म्हणायचं, काय म्हणायचं ते मी म्हणेन, मी त्याला कडेवर घेऊन फिरवलाय! तुम्ही संत्रं खा!… नाही रे ढब्बू, तुला नाही. यांना बोलतेय… कायद्यातला शब्द आहे म्हणे. म्हणजे उद्या तुला तो कबूल करावा लागणार. भर कोर्टात. लिहून घेतील… तुझ्या पेशंटांना कळणारच की. ज्याच्या हातात जबडा द्यायचा त्याचं असं छापून आल्यावर… चालेल?… चालेल काय, चालेल? कोथिंबीर घेतोयस का बाजारात?"

पलीकडून काहीतरी हळू आवाजात सांगितलं गेलं. काचवालीचा राग मधल्यामध्ये थांबला, जिन्यात दिवे गेल्यावर माणूस थांबतो तसा.

"काय म्हणालास?… नीट बोल.… 'पडदा थोडासा माझाही आहे असं वाटलं म्हणून खिडकीत लावला.' थोडासा तुझा? तुझा कसा?… कुठली दाढ?… माझी दाढ?"

आता इथे खरं सांगायचं तर, काचवाली सगळ्या जगाला सांगत आली होती की काच आम्लानं खरवडायची युक्ती तिला जिना उतरताना सुचली. सांगून सांगून तो जिना तिला दिसायला लागला होता, त्याचा कठडासुद्धा. आता फोनवर ढब्बू बोलत होता आणि जिना एकेक पायरीनं गायब होत होता. त्याच्या जागी ढब्बूची ती खुर्ची आली, डोळ्यांवर दिवा आला, गालात कापूस आला.

"आठवतंय… निळं काहीतरी लावलं होतंस. आम्लाचं जेल… आणि धुतल्यावर आरसा दाखवलास. चकचकीत दाढ खडूसारखी झाली होती… चकाकी गेली की दाढेत भरलेलं सिमेंट घट्ट बसतं, म्हणाला होतास… हो, मग मी उठून पळाले. गळ्यातलं ते कागदी फडकं तसंच होतं. घड्याळजी अजून चिडवतो त्यावरून… अर्धं तोंड बधिर होतं रे, काय बोलले तुला कळलं कसं?… 'काचेला चालेल का' असं विचारलं?… आणि तू काय म्हणालास?"

ती ऐकत राहिली. वकीलबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि संत्र्याची सालं गोळा करायला घेतली.

"एकदाच जोरात लावू नकोस. आधी थोडं, मग धू, मग पुन्हा पातळ करून… जुन्या दातांना करतोस तसं. दोनदा."

हे शेवटचं ती कुणाला विचारत नव्हती. तिच्या पेटंटचं पहिलं वाक्य तेच होतं. दोनदा. हत्तीनं चोरलं ते तेच.

"का नाही बोललास रे आजवर?… मी खूश होते म्हणून? हे कारण झालं? एवढ्या वर्षांत एकदा, एकदा तरी म्हणायचंस ना, ताई, जिना कसला, माझी खुर्ची होती! मी भांडले असते. तुला खोटारडा म्हटलं असतं. पण बोलायचंस!"

"काय वकीलबाई?… थांबा, सांगते मी त्याला. ऐक. दुसऱ्याची वस्तू तू उघडी केलीस, तर विश्वासघात. पण वस्तू तुझीही असेल तर विश्वासघात कसला? आपली वस्तू माणूस आपल्या खिडकीत लावतो. मग जगानं ती पाहिली म्हणजे पाहिलीच… हो… हो, पेटंट गेलं. एकतर तू घातकी, नाहीतर तू अर्धा मालक. दोन्ही होता येत नाही, ढब्बू."

"घातकी व्हायला तयार आहे म्हणे!… आणि त्यांनी विचारलं, डॉक्टर, या शोधात तुमचा काही वाटा? मग?… नाही म्हणशील? शपथ घेऊन? माझ्या तोंडासमोर?… मला नकोत तुझे उपकार! अजिबात नकोत! कोण समजतोस तू स्वतःला? दात काढता काढता संत झालास?… अरे, हत्तीनं माझी युक्ती घेतली आणि माझं नाव घेतलं नाही, म्हणून मी एवढी वर्षं गावभर बोंबलतेय. आणि तुझी युक्ती घेऊन तुझं नाव…"

ती उठली, खिडकीपाशी गेली आणि तिथल्या काचेवर आधी कपाळ टेकवलं, मग मूठ मारली. काच तिनंच केलेली होती, फुटली नाही.

"नाही. ऐक आता. तू उद्या येशील. आणि विचारतील ते सगळं सांगशील. मी बजावलं होतं हेही, आणि दाढेचंही. दोनदा लावायचं कुणी सांगितलं तेही… पेटंट पडेल? पडू दे… पडू दे म्हटलं ना! वकीलबाई, डोळे मोठे करू नका, मला कळतंय मी काय बोलतेय… काय? नुसतं खिडकीतून बघून युक्ती कळत नाही, यावर भांडता येईल?… किती आशा आहे?… एवढीशीच? बरं, एवढीशी तर एवढीशी, तिच्यावर भांडू. जिंकलो तर पेटंटच्या कागदावर दोन नावं. हरलो तर… हरलो तर चिडून चिडून मी वाळून जाईन, माझ्या बरण्यांची झाकणं कुणालाही उघडायची नाहीत. पण तुझ्या तोंडून तो 'घातकी' शब्द ऐकत त्या बाकावर मी बसणार नाही. कळलं?"

"थँक्यू? थँक्यू कसलं! अरे, अर्धा शोध तुझा तर अर्धं भांडणही तुझंच. इतकी वर्षं त्या हत्तीला शिव्या मी एकटीनं दिल्यात. घसा बसला माझा. आता तू दे… आत्ता. फोनवर… दे ना. तुझी काच चोरलीय त्यानं, ढब्बू. तुझी… हं?… 'नालायक'? एवढंच? हे तर आपण दूधवाल्याला म्हणतो!… हां… हां, हे जरा बरंय… जोरात… पेशंट असू दे, जोरात!"

तिनं फोन कानापासून लांब धरला. वकीलबाईंनाही आता ऐकू येत होतं, आणि ऐकता ऐकता त्यांनी फाइलमधून एक कोरा कागद काढून, वर दोघांची नावं घालून, उद्याचा अर्ज लिहायला सुरुवात केली होती.

"कोण उठलं?… खुर्चीतून?… कापूस तोंडात घेऊन? पळू दे रे! तू थांबू नकोस… अजून… अजून!"