चरातील दुसऱ्या हाकेबाबत

जबाब देणार: वरिष्ठ लिपिक, माजी सैनिक कल्याण कार्यालय. स्त्री, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी, राहणार कार्यालयाशेजारील सरकारी वसाहत, तळमजला.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर सासूबाईंसह राहते. निवृत्त सैनिकांना व त्यांच्या घरच्यांना कोणत्या सवलती लागू होतात ते सांगणे, त्यांचे अर्ज भरून घेणे आणि मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करणे, असे माझे काम आहे.

ज्यांना आम्ही कार्यालयात फौजी काका म्हणतो, ते गेल्या उन्हाळ्यात पत्नीसोबत ओळखपत्र बदलून घ्यायला आले होते. मी "पत्ता बदललाय का?" असे विचारले, ते "हो" म्हणाले. "मग जुनाच आहे का?" विचारले, त्यालाही "हो" म्हणाले. काकू हसू लागल्या. "त्यांना ऐकू येत नाही हो. लढाईत गोळा जवळ फुटला तेव्हापासून. मी काहीही म्हटलं तरी हो. म्हणून तर संसार टिकला."

कान लढाईत गेले असतील तर ऐकण्याचे यंत्र सरकारकडून मिळते, हे दोघांनाही माहीत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना ते कोणी सांगितलेही नव्हते. जुनी दुखापत सिद्ध होत नाही म्हणून अर्ज एकदा परत आला. मी पलटणीच्या कार्यालयाशी बोलले, पुन्हा पाठवला आणि तपासणीला काकांना स्वतः घेऊन गेले. यंत्र बसले त्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा एवढा कुरकुरतो आणि तुम्ही त्याच्याखाली कामं करता? धन्य आहे तुमची."

पुढे काही दिवसांनी ते एकटे आले. यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवले. "बाई, यात बिघाड आहे. कोणीतरी हाका मारतंय."

"काय म्हणून?"

"माझं नाव घेऊन."

मी यंत्र दुरुस्तीला पाठवले. त्यात दोष निघाला नाही. काका पुन्हा आले, तेव्हा मी काकूंना बोलावून घेतले. काकू जिन्याजवळ थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "लढाईत त्यांचा पलटणीतला जोडीदार मातीखाली गाडला गेला होता. आवाज येत होता तिथं हे हातांनी उकरत होते. मग दुसरा गोळा पडला आणि कान गेले. त्यानंतर कुठं उकरायचं तेच कळेना त्यांना. तो केव्हा गप्प झाला, तेही कळलं नाही." मी यंत्र परत घेऊ का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "नको. नातीशी बोलतात आता." मी मानसोपचाराच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातील वेळ ठरवून दिली.

कार्यालयाच्या मागच्या भिंतीलगत गटारासाठी खोल चर खणण्याचे काम चालू आहे. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्रसामग्री बंद होती. काका माझ्यासमोर बाकावर बसले होते. ते एकदम उठले. "इथंच आहे. मागे."

मी म्हणाले, "काका, ते तुमच्या कानातलं आहे. बसा बघू."

ते बाहेर गेले. ते पडतील या काळजीने मी मागोमाग गेले. मी पोहोचेपर्यंत ते चरात उतरून हातांनी माती उपसत होते. एका बाजूची माती ढासळलेली दिसत होती. मुकादम सावलीत जेवत होते. मी त्यांना विचारले, खाली कोणी आहे का? ते म्हणाले, "कोणी नाही. माझी सगळी माणसं वर आहेत. म्हातारबुवांना बाहेर काढा, उगाच बालंट नको माझ्यावर."

थोड्याच वेळात मातीत एक हात दिसला. मग मजूर धावले. एका मजुराला बाहेर काढले, त्याचा श्वास चालू होता. रुग्णवाहिका येऊन त्याला रुग्णालयात घेऊन गेली. तो अद्याप शुद्धीवर आलेला नाही.

सर्वजण काकांना वर या म्हणत होते. काका वर आले नाहीत. ते सरकून पलीकडच्या टोकाला गेले आणि तिथे उकरू लागले. "अजून एक आहे," असे ते सांगत होते. एका मजुराने विचारले, "आजोबा, काय म्हणतोय तो?" काका म्हणाले, "थांब म्हणतोय. जाऊ नको म्हणतोय."

मुकादमांनी माणसे मोजली व सगळी हजर असल्याचे सांगितले. मजूर रोज सकाळी नाक्यावरून आणतात, त्यांची नावे मुकादमांना सांगता आली नाहीत. तोवर आलेल्या अग्निशमन दलाच्या दोन जवानांनी काकांना उचलून वर आणले. त्या झटापटीत यंत्र चरात पडले. काकांनी जवानांना शिव्या दिल्या. त्यांना शिव्या देताना मी यापूर्वी पाहिले नव्हते. नंतर त्या जागेची आणखी माती खाली आली व काम थांबवण्यात आले.

मी रुग्णालयात जाऊन आले. काकांच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. ते मोठ्याने काकूंना विचारत होते, "काढलं का त्याला?" काकूंनी मान हलवून हो म्हटले. ते माझ्याकडे वळले आणि मलाही तेच विचारले. मी मान हलवली नाही.

काका भ्रमिष्ट आहेत काय, असे मला विचारण्यात आले. मला ते सांगता येणार नाही. दुसऱ्या माणसाची हाक मी स्वतः ऐकली काय, असेही विचारण्यात आले. मी ऐकली नाही. पण पहिल्याचीही मला ऐकू आली नव्हती, आणि तेव्हाही सगळी माणसे वर आहेत असेच मुकादम म्हणाले होते. उद्या सकाळी चर बुजवून घेणार असल्याचे समजते. तो बुजवू नये. आधी खणून पाहावे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. चर बुजवू नये, आधी खणून पाहावे, ही शेवटची दोन वाक्ये जबाबात बसत नाहीत असे मला सांगण्यात आले. ती माझ्या आग्रहावरून ठेवली आहेत.