आरवाली क्यू

हसा लेकहो, पण दिग्रसच्या क्लबात बिलियर्डच्या फायनलच्या दिवशीच माझी क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, मोडली. तशीच घेऊन मी बैलगाड्या बनवणाऱ्या बाबाराव सुताराकडे गेलतो.

"बाबारावभाऊ, सागवानाची अशीच दुसरी करून द्या. टोकाले चामडं लावा."

बाबारावनं केली सुरेख, पण टोकाला ठोकली लोखंडी आर, बैल हाकायच्या काठीला असते तशी! म्हणे, "चामड्याले कोन भेते, भाऊ?"

बदलायला वेळ नव्हता. शेवटचा फटका माझा. लाल बॉल टेबलाच्या खिशात गेला की कप माझा. पण हिरव्या कापडाला भोक पडलं, तर क्लबातून कायमची हकालपट्टी. मी वाकलो. खिडकीतून शेजारच्या जिनिंग गिरणीचा कापूस तरंगत आत येत होता, सगळं कसं झोपेत चालल्यासारखं. आर अजून वीतभर लांब होती, तोच पांढरा बॉल अंग चोरून आपणच चालू लागला. लालला हळूच शिवला, अन् लाल मुकाट्यानं खिशात उतरला.

"यानं हातच नाही लावला!" समोरचा गडी ओरडला.

पंच होते मुकुटबनचे एक म्हातारे शेतकरी. ते शांतपणे म्हणाले, "काहून बोंबलून राह्यला बे? शहाण्या बैलाले कोणी टोचते काय?"