पायलचं नाव काहून नाही आलं

बसा मायहो, बसा. भैया, तो पंखा जरा कमी कर, माझा आवाज तसाच फाटका आहे. साऱ्या मोहल्ल्याले माझी जीभ माहीत आहे. पण मेश्राम सरांच्या या हार घातलेल्या फोटोसमोर तेच जीभ आज माझ्यावरच चालवाची आहे. सुमनबाई, तुमच्या मालकाबद्दल चार जनं चांगलं बोलून गेले. माझ्यापाशी सांगासारखं दुसरंच आहे. ते माझं आहे, अन् चांगलं नाही. पण आज मले टोकू नका.

गेल्या साली याच हॉलात, याच खुर्च्यांवर आपण सारे बसलो होतो. आठवते नं? पोरींच्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट होता. सरांनी त्या भिंतीवर पडदा लावला होता. मी विचारलं, "ड्राफ्ट म्हणजे काय जी?" सर म्हणाले, "देशभरातल्या नव्या पोरींची यादी असते आजी. टीमवाले पाळीपाळीनं एकेक नाव उचलतात." मी म्हटलं, "म्हणजे पंडरीच्या कपडा बाजारातल्या दुकानासारखं. पहिलीनं चांगली साडी उचलली का दुसरी हात चोळत बसते." सर हसले. म्हणे, "हव, पण आपल्या साडीचा रंग पक्का आहे."

ते साडी म्हणजे माझी नात, पायल. मायबाप भिलाईले स्टील प्लांटात कामाले, पोट्टी माझ्यापाशी वाढली. या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर सरांनी तिले सात वरसं खेळवली. स्वतःचे गुडघे गेले होते, तरी सकाळी साडेपाचले गेट उघडून हजर. तोंडात सीटी, हातात चावी.

त्या दिवशी नावं येत गेली. हरेक नावाले पायल खुर्चीतून अर्धी उठे अन् परत बसे. शेवटचं नाव झालं. पडदा काळा झाला. मग सर उठले, इथंच उभे राहिले, जिथं मी आता उभी आहे. म्हणाले, "फॉर्म भरण्यात माझी चूक झाली. पोरीचा काही दोष नाही."

अन् मग कोण उठलं होतं? सांगा नं. मी उठली होती. मी म्हटलं, "ज्याले एक फॉर्म भरता येत नाही, त्यानं पोरींच्या जिंदगीशी खेळू नये." तुम्ही लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी पडदा गुंडाळला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आपापल्या पोरी मैदानातून काढून घेतल्या. पायलनं तर सरांले रस्त्यात पाहून तोंड फिरवलं.

ऐका आता. सरांची चूक नव्हती. चूक माझी होती.

पायलले शाळेत टाकली तवा ते सात वरसाची होती. मी मास्तरले पाच लिहाले लावले. म्हटलं, सरकारी नोकरीत दोन सालं जास्त भेटतील. इथं बसलेल्या किती जनींनी हेच केलं, हात वर कराले नाही सांगत. पण लीगमध्ये अठरा पुरे लागत होते. पोट्टी खरी अठराची, मार्कशीटवर सोळाची. ड्राफ्टच्या आधी सर घरी आले, मार्कशीट अन् जन्मदाखला असे दोन कागद घेऊन. म्हणे, "आजी, या पोरीचे दोन जन्मदिवस काहून आहेत?" मी म्हटलं, "गरिबाले एक पुरत नाही." ते हसले नाही. म्हणाले, "जिनं शाळेत नाव टाकलं तिनं शपथपत्र द्यावं, मग लीगवाले मार्कशीट सोडून जन्मदाखला धरतील. उद्या कचहरीत या. फक्त सही करायची आहे."

मी म्हटलं, "येते."

नाही गेली. ते वकिलाच्या टेबलापाशी बसून होते. दुसऱ्या दिवशीही बसले. मी निरोप धाडला, गुडघा दुखून राहिला. गुडघा काही दुखत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं चौकात काढणारी मी, माझं खोटं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं? नाही झालं माझ्यानं. सरांनी होते तेवढे कागद पाठवले. लीगवाल्यांनी नाव यादीतून कापलं, पण आम्हाले कळवलं नाही.

पुढं एकदा तेलीबांध्याच्या तलावावर भेटले. मी विचारलं, "सर, माझं नाव काहून नाही घेतलं?" म्हणाले, "माझ्यावर रागावली तर पोट्टी मैदान सोडीन. तुमच्यावर रागावली तर जेवाले कुठं जाईन?" मग म्हणाले, "तेवढी सही करून टाका आजी. पुढचा ड्राफ्ट येते."

तरी मी नाही गेली. सालभर. मग मागच्या मंगळवारी सर गेले.

परवा मी कचहरीत गेली. तोच वकील, तेच टेबल. म्हणे, "माताजी, वो साहब आपकी बहुत राह देखे." मी सही केली. हा तो कागद. सुमनबाई, तुमच्या हाती देते. सरांच्या फाइलीत तुम्हीच ठेवा, माझ्या घरी नको.

पायल, तू तिसऱ्या ओळीत आहेस. मान वर कर. तुले मी सालभर रोज भाकर वाढली अन् रोज तुझ्यासमोर त्या माणसाले नावं ठेवली. मले माफी नको मागू देऊ. सरांपाशी मात्र तुलेही मागा लागीन, अन् ते आता इथं नाहीत. तुले उशीर झाला तो माझ्यामुळं.

काय म्हटलं? जोरानं बोल. "दादी, गेट खुला है क्या?"

हव, मैदानाचा गेट खुला आहे. सुमनबाईनं सकाळीच उघडला.

जाऊ द्या तिले. आवाज देऊ नका.

आता उभे राहा सारे. सरांसाठी दोन मिनिटं चूप राहू. मले चूप राहाची सवय आहे, तुमचं तुम्ही पाहा. अन् मधातच बाहेरून बॉल आपटल्याचा आवाज आला, तर कोणी खिडकी लावू नका.