अकराशे टाळ्या

मृणाली: आधी तो चहा पी, निवतोय. मग सांग पुण्याच्या कार्यक्रमाचं. विनीत साडेचारला येतो कारखान्यातून, तोवर मला नीट कळू दे.

सुजय: सांगण्यासारखं फार काही नाही गो ताई. पंधरा तारखेला आहे. विनीत फोनवर मला स्वतः हो म्हणाला, फक्त म्हणाला की ताई बरोबर आली तरच येतो. म्हणून तुला विचारायला एवढ्या लांब गाडी काढून आलो. समोर चारशे माणसं असणार, गुंतवणूकदार, पेपरवाले. त्याने चार मिनिटं बोलायचं, बस.

मृणाली: काय बोलायचं?

सुजय: जे रोज ओटीवर बोलतो तेच. बघ, आधी स्टेजवर मी येणार. मागे पडद्यावर चारच शब्द, 'चेहरा नको, आवाज पुरे'. मग मी सांगणार, आमच्या रत्नागिरीत घराला ओटी असते. येणारा-जाणारा टेकतो, मनातलं बोलतो, कुणी त्याला ऊठ म्हणत नाही. तीच ओटी मी ॲप करून फोनमध्ये आणली. आणि मग माझ्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट. बोलताना अडखळायचा, म्हणून दहावीनंतर त्याने बोलणंच टाकलं. मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात लागला, कारण बर्फाच्या लाद्या ओढायला बोलावं लागत नाही. आज तोच मुलगा संध्याकाळी पाचला फोनवर आपली खोली उघडतो आणि हजारो लोक त्याचं ऐकतात. एवढं झालं की दिवे लागतात आणि विनीत पुढे येतो.

मृणाली: बोलावं लागत नाही म्हणून कारखान्यात लागला, हे तुला कुणी सांगितलं?

सुजय: तोच बोलला एकदा खोलीत.

मृणाली: मला कधी बोलला नाही.

सुजय: तेच तर. जे घरात बोलत नाही ते माणूस ओटीवर बोलतो.

मृणाली: आणि शाळेत त्याला बिघडलेला रेडिओ कोण म्हणायचं, ते सांगणार आहेस का त्या चारशे लोकांना? तुझ्यामुळे हा आठवीत पंधरा दिवस पोट दुखतंय म्हणून घरी झोपून होता. आई रोज ओवा द्यायची त्याला.

सुजय: सांगणार आहे. स्टेजवर त्याची माफी मागणार आहे मी. उलट त्यामुळे गोष्ट जास्त भिडते.

मृणाली: भिडते.

सुजय: मनापासूनच मागणार आहे, ताई.

मृणाली: बरं. आता माझं ऐक. मी कुठे बसते ते तुला माहीत आहे, दातांच्या दवाखान्यात, पेशंटची नावं लिहायला. आमच्याकडे कंपाउंडर आहे लवू म्हणून. महिन्यापूर्वी त्याने फोनची रिंगटोन बदलली. ढोलकीचा ठेका, आणि त्यावर एक माणूस नुसता 'म, म, म' करत राहतो. फोन वाजला की खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंटसुद्धा हसायचा. डॉक्टर दोनदा ओरडले, पण ते पण हसतच. आठवडाभर हे चाललं. मग एका म्हातारीने लवूला विचारलं, हा मेला शेवटी म्हणतो तरी काय. लवूने फोनमध्ये शोधून अख्खा तुकडा लावला. त्यात ढोलकी नव्हती. चाळीस सेकंद तेच, आणि मग शब्द सुटला. 'मथुरा. माझी आई.'

सुजय: ढोलकी आम्ही नाही घातली. बाहेरच्या कुणीतरी घातली.

मृणाली: आणि तुकडा कुणी कापला?

सुजय: तुकडे ॲप आपोआप कापतं. ज्या जागी ऐकणाऱ्यांनी सगळ्यात जास्त खुणा दाबल्या, तेवढा भाग उचलायचा आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवायचा. त्यात माणसाचा हात नसतो.

मृणाली: कसल्या खुणा?

सुजय: असतात. टाळी, बदाम, हसरं तोंड.

मृणाली: आईचं नाव घेत होता तिथे कुठली दाबली होती?

सुजय: ताई, हे आकडे आम्ही बाहेर देत नाही.

मृणाली: मी बाहेरची?

सुजय: हसरं तोंड.

मृणाली: किती जणांनी?

सुजय: अकराशे. थोडे वरच.

मृणाली: आईचं बोलला त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तर हा दारात उभा. एरवी मी आले तरी मान वर करत नाही. मला हाताला धरून आत नेलं आणि सांगितलं की आज आईच्या शेवटच्या दिवसांचं बोललो. इस्पितळात तिला त्याने कसं पाणी पाजलं, ती कशी शेवटपर्यंत त्याचं एक एक वाक्य पुरं व्हायची वाट बघायची, सगळं. आणि अकराशे टाळ्या पडल्या म्हणाला. रडत होता सुजय, आणि रडताना हसत होता. बांगडे आणले होते, स्वतः तळले, मला वाढले. मी म्हटलं, आईला कळलं असतं तर किती बरं वाटलं असतं. आता तू मला सांग, त्याला टाळ्या कशा दिसल्या?

सुजय: तसं बनवलंय ते. बोलणाऱ्याला फक्त टाळ्याच दिसतात. ऐकणाऱ्याने काहीही दाबलं, हसरं तोंड, रागाचं तोंड, काहीही, तरी बोलणाऱ्याच्या फोनवर ती टाळी होऊन उमटते. आणि ऐकणाऱ्यांचे माईक बंदच असतात, त्यामुळे त्यांचा आवाज त्याच्यापर्यंत जात नाही. माणूस खचू नये म्हणून. आम्ही त्याला 'मायेचा पडदा' म्हणतो. कार्यक्रमात त्याच्यावर वेगळी स्लाइड आहे.

मृणाली: तुला माहीत होतं. तो इथे आईचं नाव घेताना झगडत होता आणि तुझ्या फोनवर हसरी तोंडं मोजली जात होती, तेव्हापासून माहीत होतं.

सुजय: दुसऱ्या दिवशी कळलं. आकडे आले तेव्हा. खोटं नाही बोलत, त्याआधी ओटी बंद पडायला आली होती. लोक यायचे, रिकाम्या खोल्या बघायचे आणि जायचे. गणपतीत गावी आलो तेव्हा विनीतच्या फोनवर ॲप मीच घालून दिलं होतं, तर त्याच्या खोलीत दीडएक हजार माणसं असायची, तीच सगळ्यात जास्त. तो तुकडा गेला आणि आठवड्यात चाळीस हजार लोक आले. आज जे काही उभं आहे ते त्या खोलीवर उभं आहे.

मृणाली: तो तुकडा काढ.

सुजय: पंधरा तारखेनंतर काढतो. आत्ता काढला तर लोक विचारतील, का काढला.

मृणाली: मग मीच सांगते त्याला आज.

सुजय: सांग. पण आधी विचार कर, तू काय मोडणार आहेस. सहा महिन्यांपूर्वी हा दुकानात साबण मागायला जात नव्हता, तू आणायचीस. हल्ली कारखान्यात फोन उचलतो. पंधराची रजा त्याने मुकादमाकडे स्वतः तोंडाने मागितली, चिठ्ठी लिहून नाही. ते कशाच्या जोरावर? त्या टाळ्यांच्या. त्या खोट्या असतील, पण त्याचं बोलणं तर खरं आहे ना? तू आज सांगितलंस तर उद्यापासून तो परत गप्प. आणि ते मी केलेलं नसेल, ताई. तू केलेलं असेल.

मृणाली: किती तयारी करून आलायस.

सुजय: मी त्याच्या भल्याचं बोलतोय. आणि एक विचारू? आठवडाभर ती रिंगटोन वाजत होती म्हणालीस. तेव्हा तू काय करत होतीस?

मृणाली: काय म्हणजे?

सुजय: पेशंट हसायचे, डॉक्टर हसायचे. तू?

मृणाली: मला ठाऊक नव्हतं कोण आहे ते.

सुजय: म्हणजे हसलीस.

मृणाली: होय. हसले. एकदा तर लवूला म्हटलं, परत वाजव.

सुजय: बघ. मग त्या अकराशे लोकांना तरी काय बोलणार तू? त्यांनासुद्धा तो कोण ते ठाऊक नव्हतं.

(विनीत आत येतो. गुडघ्यापर्यंत पँट ओली आहे.)

विनीत: सु… सु…

मृणाली: सुजय होय, दुपारीच आला. तू आधी पाय पूस आणि कपडे बदल, गारठशील.

विनीत: ज…

मृणाली: जेवला तो. वाटेत जेवून आलाय.

विनीत: जरा थांब, ताई. असं म्हणत होतो. सुज्याशी बोलू दे.

सुजय: ये विन्या, बस. ताईशी बोललो मी पंधरा तारखेचं. सगळं ठरल्यासारखंच आहे.

मृणाली: काही ठरलेलं नाही. विनीत, इकडे बघ. तू आईचं बोललास त्या दिवशी अकराशे टाळ्या पडल्या म्हणालास ना. त्या टाळ्या नव्हत्या.

सुजय: ताई, आज नको.

मृणाली: लोक हसत होते, विनीत. हसरं तोंड दाबत होते, आणि याच्या ॲपमध्ये ते तुला टाळी म्हणून दिसतं. याने तसं बनवून ठेवलंय. त्यांचे माईक बंद असतात म्हणून तुला ऐकू येत नाही. तो भाग कापून गावभर फिरलाय. आमच्या दवाखान्यात लवूच्या फोनची रिंगटोन आहे ती.

विनीत: कुठे हसले?

मृणाली: काय?

विनीत: मी ब… बरंच बोललो त्या दिवशी. कुठे हसले?

मृणाली: आईचं नाव घेत होतास तिथे. त्या चाळीस सेकंदांत.

विनीत: सुज्या, खरं?

सुजय: खरं आहे, पण ती सांगते तसं नाही. लोक तुला नाही हसले. त्यांना तू कोण ते ठाऊक नाही, तुझी आई ठाऊक नाही. ऐकू आलं, मजा वाटली, दाबलं. वाईट मनाने कुणी करत नाही हे. ताईलाच विचार. ती पण हसली आठवडाभर. लवूला म्हणाली, परत वाजव.

विनीत: ताई?

मृणाली: ढोलकी घातली होती रे त्यात. मला कळलं नाही.

विनीत: आवाज म… माझा होता.

मृणाली: होय.

विनीत: लहानपणापासून आ… आ…

मृणाली: आपण एका घरात राहतो, माहीत आहे मला. पण घरात तू असा कधी बोलत नाहीस, विनीत. एका शब्दावर एवढा वेळ अडलेलं मी तुला कधी ऐकलेलंच नाही. मग ओळखणार कशी?

विनीत: तू थांबतेस कुठे?

मृणाली: तुला त्रास होतो म्हणून. तुझ्या तोंडाकडे बघवत नाही मला. दुकानात माणसं खोळंबतात, एकमेकांना कोपरं मारतात, ते बघवत नाही. आई गेल्यापासून मीच बोलते ना तुझ्या वतीने सगळीकडे?

विनीत: होय. तूच बोलतेस.

सुजय: विन्या, तुला पंधराचं नको वाटत असेल तर मी समजू शकतो. मी जबरदस्ती करणार नाही. कार्यक्रम अवघड होईल, पण करेन काहीतरी.

विनीत: येतो.

मृणाली: अरे, समोर चारशे माणसं असणार. तिथे पडदाबिडदा काही नाही. हसली तर तोंडावर हसतील, आणि तुला ऐकू येईल ते.

विनीत: हसू दे. ते थांबतात. श… श…

सुजय: शेवटपर्यंत.

विनीत: तू गप. शब्द सुटेपर्यंत थांबतात. चाळीस सेकंद थ… थांबले. आई सोडून कोण थांबलंय एवढं?

सुजय: विन्या, हेच बोल तिथे. हेच, असंच, मधे अडखळलास तिथे अडखळ. दुसरं काही नको.

मृणाली: मी रजा टाकते पंधराची. मी येते बरोबर. मधे एक शब्द बोलणार नाही, मागे कुठेतरी बसेन.

विनीत: तू नको.

मृणाली: तूच म्हणाला होतास ना, ताई आली तरच येतो?

विनीत: म्हणालो होतो. ते हसले तर हसले, ते माझे कोणी नाहीत. तू त्यांच्यात ब… बसलेली नको मला.

मृणाली: विनीत.

विनीत: पाच वाजत आले. ओटीवर माणसं आली असतील. सुज्या, तूही बाहेर बस. ताई, जाताना दार ओढून घे.