लांब दांड्याचा हापसा

दांडा लांब केला की जोर कमी लागतो, हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई. पण किती लांब करावा, हे त्या दुष्काळात कळलं बघा.

आमच्या गल्लीतल्या हापशाचं पाणी लई खोल गेलतं. दोन-दोन बाया दांड्याला लोंबकळायच्या, तवा कुठं घागर भरायची. म्या दांड्यावर सहा फुटी पाइप चढवला. आमची सरूआत्या, काडीसारखी बाई, एका हातानं हापसाया लागली! सगळ्या बाया खुश.

फक्त पाइपाचं टोक समोरच्या फाटकातून पार आतल्या अंगणात गेलं, अन् ते घर दूध सोसायटीच्या चेअरमनचं. चेअरमन बाहेर आले, पाइपावर हात ठेवला अन् म्हणाले, "दांडा आमच्या अंगणात हाय. आधी आमचे हंडे भरायचे, मग बाकीच्यांचे."

सरूआत्यानं पदर खोचला, आपली घागर तोटीखाली लावली अन् म्हणाली, "बरोबर हाय चेअरमनसाहेब. दांडा तुमच्याकडं, तोटी आमच्याकडं. हापसा आता!"